दुभाषी खुलासा मागते आहे: प्रणयकादंबऱ्यांच्या संपादकांना खुलं पत्र

संपादकहो,

सप्रेम नमस्कार.

पत्र खुलं ठेवलंय, कारण तुमच्यापैकी नेमक्या कुणाला पाठवायचं ते मला माहीत नाही. लेखिकेचं नाव मुखपृष्ठावर असतं, मुखपृष्ठ करणाऱ्याचं आतल्या पानावर असतं. तुमचं नाव शोधायचं तर पार शेवटी ऋणनिर्देशात जावं लागतं. तिथे 'हिच्याशिवाय हे पुस्तक झालंच नसतं' अशी एक ओळ असते. मी ती ओळ आवर्जून वाचते. या खेपेला ती वाचली आणि लेखिकेवरचा माझा सगळा राग तुमच्याकडे वळला.

गेल्या आठवड्यात एक समकालीन प्रणयकादंबरी वाचून संपवली. तिचं नाव इथे लिहीत नाही. लेखिकेचं हे दुसरंच पुस्तक आहे, तिच्या लिहिण्यात दम आहे, आणि तिला चव्हाट्यावर आणून मला काही मिळवायचं नाही. शिवाय तक्रार एकट्या त्या पुस्तकाची असती तर मी दोन शिव्या घालून पुढचं पुस्तक उघडलं असतं. तुम्ही कुठल्या भाषेतली पुस्तकं हाताळता त्यानंही फरक पडत नाही. हा रोग भाषा बघून येत नाही.

आधी माझी ओळख देते, नाहीतर तुम्हाला वाटेल की प्रेमकथेला नाक मुरडणाऱ्या कुणीतरी हे लिहिलंय. मी गेली पंचवीस वर्षं हा प्रकार वाचते आहे. मुखपृष्ठाला वर्तमानपत्र न गुंडाळता वाचते. 'हे काय मिल्स अँड बून वाचत बसलीयेस' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एक उत्तर तयार ठेवलंय: ती ब्रिटिश प्रकाशनसंस्था १९०८ मध्ये निघाली तेव्हा सगळ्या तऱ्हेची पुस्तकं छापायची, प्रेमकथांकडे ती वळली १९३०च्या दशकात, आणि ते वळण वाचकांनी घ्यायला लावलं. (उत्तर ऐकून कुणी गप्प बसलेलं नाही, पण मला बरं वाटतं.) पुस्तक हातात आलं की मी शेवटचं पान आधी वाचते. दोघं एकत्र आहेत ना, एवढं बघते आणि मग पहिल्या पानावर येते.

त्यामुळे गोड शेवटाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तो तर करारच आहे. अमेरिकेत १९८० साली प्रणयलेखकांची जी संघटना स्थापन झाली, तिनं या प्रकाराच्या व्याख्येत दोनच अटी घातल्या: कथेच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशा ठेवणारा हवा. दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. म्हणजे 'काय होणार' ही उत्कंठा या प्रकारानं स्वतःहून सोडून दिलेली आहे. उरतं ते 'कसं होणार', आणि त्यातही मधला दुरावा कशानं येणार. तिथे लेखिकेची परीक्षा असते आणि तुमचीही.

आता या पुस्तकाबद्दल.

नायिका न्यायालयात दुभाषी आहे. नायक पियानो सुरात लावून देणारा, ट्यूनर. दोघांचीही भाकरी कानांवर आहे, ही कल्पनाच मला इतकी आवडली की पहिली शंभर पानं मी एका बैठकीत वाचली. प्रणयकादंबरीतल्या पात्रांना नोकरी असते ती बहुतेक वेळा कपड्यांसारखी. नायक आर्किटेक्ट आहे असं सांगतात आणि अख्ख्या पुस्तकात तो एक भिंत बांधत नाही. या लेखिकेनं तसं केलेलं नाही. तिनं दोन्ही कामं नीट पाहिलेली आहेत.

पान ४६ घ्या. साक्षीदार एक म्हातारी आहे. ती बोलता बोलता एक शब्द वापरते. तिच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ 'सोडून दिलं' असाही होतो आणि 'सोडवलं' असाही. वकिलाला घाई आहे, न्यायाधीश घड्याळाकडे बघतायत, सगळ्यांना एक काहीतरी भाषांतर हवंय. नायिका हात वर करते आणि म्हणते, "दुभाषी खुलासा मागते आहे." 'मी' म्हणत नाही. न्यायालयात दुभाषी साक्षीदाराचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगतो, त्यामुळे स्वतःचं काही म्हणायचं झालं तर त्याला स्वतःला तिऱ्हाईतासारखं 'दुभाषी' म्हणावं लागतं. हा त्या पेशातला खराखुरा शिरस्ता आहे. लेखिकेनं तो शोधून काढला आणि त्याचं प्रेमकथेत काय करता येईल हेही तिला दिसलं. पान ९८ वर नायक कशालातरी "बघू" असं मोघम उत्तर देतो, आणि ही ओट्याशी उभी राहून, हातात डाव, हात वर करते: "दुभाषी खुलासा मागते आहे." तो हसतो. मग तो नीट उत्तर देतो. इथून पुढे ते वाक्य त्या दोघांचं होतं. भांडण वाढायला लागलं की कुणीतरी हात वर करायचा.

दुसरी जागा पान १२१. एका रिकाम्या सभागृहात तो पियानो लावतोय आणि ती बाकावर बसून बघतेय. पियानोत बहुतेक पट्ट्यांमागे एक नव्हे, तीन तारा असतात. तो दोन तारांना रबराच्या पाचरी लावून गप्प करतो आणि एकच लावतो. मग एक पाचर काढून दुसरी तार पहिलीशी जुळवायला घेतो. दोन तारा जवळपास जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, की सुरात एक लाट ऐकू येते. तो तिला जवळ बोलावतो. "ऐक, डोलतोय." ती ऐकते. सूर फुगतोय, ओसरतोय, फुगतोय, ओसरतोय. तो किल्ली केसभर फिरवतो, लाट संथ होते. आणखी केसभर, आणखी संथ. मग लाट थांबते आणि नुसता सूर उरतो, आणि ती श्वास रोखून उभी आहे हे तिच्या लक्षात येतं. पुढे तो तिला सांगतो की पियानोत जवळजवळ कुठलंच अंतर शंभर टक्के शुद्ध ठेवता येत नाही. प्रत्येक पंचम किंचित उतरता ठेवला तरच बारा सूर एकमेकांबरोबर नांदतात. हेही खरं आहे, आणि लेखिका त्यावर भाष्य करत बसत नाही हे त्याहून चांगलं. पहिलं चुंबन यानंतर दहा पानांनी येतं. माझ्या हिशेबी ते इथेच झालं.

अशी लेखिका. आता पान २८७.

नायक पलीकडच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलतोय. दार किलकिलं. नायिकेच्या कानावर दोन वाक्यं पडतात: "तिला काही कळता कामा नये. महिन्याअखेर मी मोकळा होईन." झालं. ती बॅग भरते, चिठ्ठी न ठेवता निघते, नंबर बदलते. तो गोंधळून दारात उभा राहतो, आणि पुढची एकेचाळीस पानं दोघं दोन शहरांत झुरतात. पान ३२८ वर बहीण तिला स्टेशनवर योगायोगानं भेटते आणि उलगडा करते: तो आपलं कामाचं दुकान विकत होता, मोकळा होणार होता तो त्यातून. मग धावाधाव, मग पाऊस, मग मिठी. सहा पानांचा उपसंहार, त्यात बाळ.

मी पान २८७ वर पुस्तक मिटलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अगं, हात वर कर ना!"

जी बाई भरल्या न्यायालयात न्यायाधीशाला थांबवून एका म्हातारीच्या एका शब्दाचा अर्थ विचारते, तिला किलकिल्या दारातून ऐकलेल्या दोन वाक्यांचा अर्थ विचारावासा वाटला नाही? अर्धवट ऐकलेलं ग्राह्य धरायचं नाही हे तिच्या पेशातलं पहिलं कलम. आणि लेखिकेनंच त्यासाठी एक वाक्य घडवलं होतं, शंभर पानं जपलं होतं, वाचकाच्या तोंडी बसवलं होतं. नेमक्या गरजेच्या वेळी ते वाक्य पुस्तकातून गायब. विसरली म्हणावं तर तेही नाही, कारण पान ३४१ वर मिठीत असताना ते परत येतं. म्हणजे एकेचाळीस पानं ते मुद्दाम लपवून ठेवलं होतं. ते पात्रानं लपवलेलं नाही. कथानकाला अडचण नको म्हणून लपवलेलं आहे.

वाचकांमध्ये या प्रकाराला नाव आहे, तुम्हालाही ते ठाऊक असणार: बिग मिसअंडरस्टँडिंग. आणि तो जिथे येतो त्या जागेलाही नाव आहे, थर्ड अ‍ॅक्ट ब्रेकअप, म्हणजे शेवटच्या टप्प्यातली ताटातूट. पुस्तक ३६८ पानांचं, फोन २८७ वर. हिशेब केला तर अठ्ठ्याहत्तर टक्के होतात. हल्ली मी पुस्तकाचा उरलेला भाग चिमटीत धरून सांगू शकते की आता दोन-तीन पानांत कुणीतरी काहीतरी चुकीचं ऐकणार, चुकीचं पाकीट उघडणार, नाहीतर जुनी प्रेयसी नेमक्या वेळी दारात मिठी मारणार.

ही जागा कुठून आली याचा मी थोडा माग काढला. पटकथाकारांसाठी ब्लेक स्नायडर यांनी २००५ मध्ये एक आराखडा मांडला. त्यात ११० पानांच्या पटकथेत ७५व्या पानाच्या आसपास 'सगळं संपलं' असा टप्पा येतो. चित्रपटासाठी तो असेल उपयोगी. कादंबरीवाल्यांनी तो उचलला, थोडा पुढे सरकवला आणि त्याचा दंडकच केला. प्रणयकादंबरीचा खुद्द अभ्यास करणाऱ्या पॅमेला रेजिस यांनी २००३ मध्ये या प्रकाराचे आठ घटक सांगितले. त्यात अडथळा आहे, आणि आता हे प्रेम जगत नाही असं वाटायला लावणारा मरणासारखा क्षणही आहे. पण हे घटक कुठल्याही क्रमानं येऊ शकतात, पुन्हापुन्हा येऊ शकतात, लांब किंवा आखूड असू शकतात, असं त्याच सांगतात. जुनी पुस्तकं वाचून काढलेली ती निरीक्षणं होती. अठ्ठ्याहत्तर टक्क्यांची खूण कुणी मारली मग?

जेन ऑस्टेनला कुणी मारून दिली नव्हती. १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एकसष्ट प्रकरणं आहेत. नायक डार्सीची पहिली मागणी आणि नायिका एलिझाबेथचा चिंधड्या उडवणारा नकार चौतिसाव्या प्रकरणात आहे, म्हणजे मध्याच्या जरासा पुढे. तिथेही गैरसमज आहेच म्हणाल तुम्ही. आहे. एलिझाबेथ विकम नावाच्या गोडबोल्या अधिकाऱ्याच्या डार्सीबद्दलच्या थापांवर विश्वास ठेवून बसलेली आहे. पण ती विश्वास का ठेवते? कारण पहिल्याच भेटीत डार्सीनं तिचा अहंकार दुखावलाय आणि त्याच्याविरुद्धचं काहीही तिला ऐकायला गोड लागतं. गैरसमज तिच्या स्वभावातून उगवलेला आहे. आणि ती गप्प बसत नाही, तोंडावर आरोप करते! पुढच्याच प्रकरणात त्याचं पत्र येतं. खुलासा एका प्रकरणात झाला आणि तरी जवळजवळ अर्धं पुस्तक उरलं, कारण खुलासा झाल्यानं काहीच मिटलं नाही. उलट आता तिला स्वतःकडे बघावं लागलं.

आणखी एक गोष्ट, आणि ही अगदी तुमच्या कारागिरीतली आहे. ऑस्टेन आपल्याला जवळजवळ सगळा वेळ एलिझाबेथच्या बाजूला बसवते. पत्रातली बातमी तिला कळते तेव्हाच आपल्याला कळते, तिच्याबरोबर आपणही तोंडघशी पडतो. आजच्या कादंबऱ्यांत एक प्रकरण तिचं, एक त्याचं. या पुस्तकातही तसंच आहे. त्यामुळे तो दुकान विकतोय हे मला पान २६० पासून माहीत आहे! ती फोन ऐकते त्या क्षणी मला खरं काय ते ठाऊक आहे, आणि पुढची एकेचाळीस पानं मी फक्त तिला ते कळायची वाट बघत बसले आहे. गाडी सुटायची वेळ माहीत असताना फलाटावर बसावं तसं. दोन्ही डोकी वाचकाला उघडी करून द्यायची आणि मग गैरसमजावर उत्कंठा उभी करायची, हे गणित बसत नाही. लेखिकेला लिहिण्याच्या भरात ते दिसणार नाही. तुम्हाला दिसायला हवं होतं.

आपल्याकडच्या जुन्या लोकांनी या विषयावर डोकं चालवलेलं आहे, तेही जरा सांगते. शृंगाराचे दोन भाग, मीलनाचा आणि ताटातुटीचा. ताटातुटीला विप्रलंभ म्हणतात. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त विप्रलंभाचे पाच प्रकार केले: अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप. गंमत अशी की ही वर्गवारी कारणावरून आहे, त्यानं शब्दही 'हेतुक' असाच वापरलाय, आणि संस्कृतात हेतू म्हणजे कारण. दुरावा किती दिवसांचा, कितव्या अंकात, किती अश्रूंचा, हे त्याला महत्त्वाचं वाटलं नाही. कशामुळे, एवढंच त्यानं विचारलं. यावर कुणी म्हणेल, ईर्ष्या आहे ना यादीत, गैरसमज त्यातच आला. आला. पण त्या कवितांमधली रुसलेली नायिका नंबर बदलून परगावी जात नाही. ती समोर बसून रुसते. आणि तिला एक सखी असते, जी तिला चार शब्द सुनावते की बाई, आधी खरं काय ते बघ. आपल्या कादंबरीतल्या नायिकेलाही मैत्रीण आहे, पहिल्या दोनशे पानांत ती प्रत्येक गोष्टीत नाक खुपसते, आणि पान २९० वर मात्र नुसती डोकं खांद्यावर घेऊन "जाऊ दे त्याला" म्हणते. तीही काही विचारत नाही. कथानकानं तिच्याही तोंडाला बूच बसवलंय.

शापाचं उदाहरण तर माझ्याविरुद्धच जाईल असं वाटतं. दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी, याहून मोठा योगायोग कुठला? महाभारतातल्या मूळ कथेत तो शाप नाहीच. तिथला दुष्यंत शकुंतलेला चांगला ओळखतो आणि ओळखून नाकारतो. आकाशवाणी होते तेव्हा स्वीकारतो. कालिदासानं शाप आणला, अंगठी आणली, राजाला वाचवलं. तरीही मला ती लबाडी वाटत नाही. शाप का बसला ते बघा. शकुंतला दुष्यंताच्या विचारात इतकी बुडाली होती की दारात आलेला पाहुणा तिला दिसला नाही. ताटातूट तिच्या प्रेमातूनच निघाली. ऋषी बाहेरून आला, पण कारण आतलं होतं. किलकिल्या दाराला असं काही आतलं कारण द्या, मी तेही सहन करीन.

आता तुमच्या बाजूचं एक म्हणणं, जे मला खरंच पटतं. माणसं बोलत नाहीत. प्रत्यक्ष आयुष्यात एका प्रश्नानं मिटण्यासारखी भांडणं वर्षानुवर्षं चालतात. मीही एका माणसाला एक प्रश्न अकरा दिवस विचारला नव्हता. प्रश्न चार शब्दांचा होता. सकाळी उठून तो जिभेवर यायचा, संध्याकाळी गिळायचा. पण तो का विचारला नाही ते मला तेव्हाही माहीत होतं: उत्तर काय येईल याची मला खात्री होती, आणि उत्तर आल्यावर घर बदलावं लागणार होतं. अकरा दिवस मी उत्तर लांबवत होते. न विचारण्याला असं वजन असतं. नायिका त्या दारापाशी थांबली असती, हात अर्धा वर गेला असता, आणि 'खरंच असलं तर' या भीतीनं खाली आला असता, तर मी तिच्यासाठी रडले असते. तिची आई तिच्या लहानपणी न सांगता निघून गेलेली आहे, हे पान ३० वर एका ओळीत येऊन गेलंय. धागा तिथेच पडलेला होता, कुणी उचलला नाही. पान २८७ वर ती घाबरलेली नाही. तिला प्रश्न सुचतच नाही. घाबरून गप्प बसणारी बाई मला समजते, पण प्रश्न विचारायचा पगार घेणाऱ्या बाईला प्रश्नच न सुचणं मला समजत नाही.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? त्या पुस्तकात खरा दुरावा तयार होता. पान १४० वर.

तो पियानोच्या अगदी वरच्या सुरांपर्यंत आलाय. अठ्ठ्याऐंशीपैकी शेवटची पट्टी. तो ती दाबतो आणि पियानोकडे बघत नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघतो. ती म्हणते, "किती बारीक वाजलं." क्षणभरानं तो म्हणतो, "हो." बस्स, एवढंच, आणि प्रकरण पुढे सरकतं. मला तिथे काटा आला. त्याला ऐकू आलेलं नाही. तो सूर वाजला की नाही हे तो तिच्या चेहऱ्यावरून ताडतोय. त्या पट्टीची कंपनं सेकंदाला सुमारे ४,१८६ असतात, आणि मोठ्या आवाजानं कान जातात तेव्हा घसरण बहुधा ४,००० च्या आसपासच आधी दिसते. ट्यूनर दिवसभर पट्ट्या जोरात ठोकत असतो. लेखिकेनं हेही पाहून ठेवलेलं होतं! दुकान तो याचसाठी विकत होता, हे बहीण स्टेशनवर एका वाक्यात सांगते, आणि नायिका "वेड्या, मला सांगायचंस ना" म्हणून रडते, की झालं. कानावर जगणाऱ्या माणसाचे कान जातायत आणि त्याचा निकाल एका परिच्छेदात.

हाच दुरावा असता तर? हळूहळू तिच्या लक्षात यायला लागतं. तो न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतोय. गर्दीत तिच्या डाव्या बाजूलाच चालतोय. शब्दांवर जगणाऱ्या बाईला हे कळायला वेळ लागत नाही. एका रात्री ती हात वर करते: "दुभाषी खुलासा मागते आहे." आणि तो, पहिल्यांदाच, त्या वाक्याला खोटं उत्तर देतो. "काही नाही गं, दमलोय." बघा, प्रश्न विचारला गेला. शंभर पानं जपलेलं वाक्य वापरलं गेलं. आणि ते वापरूनच नातं मोडलं, कारण त्या वाक्याला खोटं बोलायचं नाही हा त्यांच्यातला एकमेव करार होता. हा दुरावा बहिणीनं स्टेशनवर मिटवता आला नसता. त्याला स्वतःला येऊन बोलावं लागलं असतं, आणि मला पुढची ऐंशी पानं श्वास घेता आला नसता.

मी लेखिका नाही, हे कागदावर किती अवघड आहे याची मला जाणीव आहे. तिनं मुदतीत पुस्तक दिलं असेल, विक्रीवाल्यांनी मुखपृष्ठामागे 'स्लो बर्न', 'ऑपोझिट्स अ‍ॅट्रॅक्ट' अशी लेबलं आधीच ठरवली असतील, ऐंशी टक्क्यांच्या आत ब्रेकअप हवाच असं तुम्हालाही वरून सांगितलं गेलं असेल. सगळं मान्य. पण हस्तलिखित आधी वाचणारे तुम्ही, आणि पान १४० सुद्धा आधी तुम्हीच वाचलंत. तिथे समासात 'हे पुढे न्या' असे तीन शब्द लिहायला किती वेळ लागला असता? ब्रेकअप ठेवा, हवा तर अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवरच ठेवा. फक्त छपाईला पाठवण्यापूर्वी त्या जागी नायिकेच्या तोंडी एक सरळ प्रश्न घालून बघा. प्रश्न विचारल्यावर दुरावा जागच्या जागी विरघळला, तर हस्तलिखित परत पाठवा. प्रश्न विचारूनही दोघं दोन दिशांना गेले, तर छापा. मी विकत घेईन, मैत्रिणींना वाटेन, आणि शेवटचं पान आधी वाचणार नाही असा शब्दही देते. (हा शेवटचा भाग जरा अतीच झाला. प्रयत्न करीन.)

तिच्या तिसऱ्या पुस्तकाची मी वाट बघते आहे. ते तुमच्यापैकी कुणाच्या टेबलावर असेल तर तिला माझा निरोप सांगा: पान १२१ मी चार वेळा वाचलं.

आपली,
एक वाचक

ता. क. पुस्तक वाचनालयाचं होतं. पान २८७ च्या समासात मी रागाच्या भरात पेन्सिलीनं 'हात वर कर' असं लिहिलं होतं. परत करण्यापूर्वी खोडायला घेतलं, तर त्याच्या खाली आधीच कुणीतरी खोडलेलं दिसलं. पुसट होतं, उजेडाकडे धरून वाचलं. 'विचार ना' असं होतं. मग मी माझं तसंच राहू दिलं.